ट्रॅव्हिस केल्सी, वय ३५: यंदा फँटसीत घ्यायचा का, आणि कितव्या राउंडला?

एडिसनकर | १७ ऑगस्ट २०२५

मंडळी, आमच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट ३० ऑगस्टला आहे: एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलचे) खरे खेळाडू आळीपाळीने निवडायचे, ते मॅचमध्ये जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. बारा टीम, स्नेक (दर राउंडला निवडीचा क्रम उलटतो), हाफ पीपीआर (प्रत्येक कॅचला अर्धा पॉइंट, फुलमध्ये पूर्ण एक), टाइट एंडची जागा एकच. पैशांचा मामला नाही. जो शेवटचा येईल त्याने पुढच्या गणपतीत मंडळाची पातेली घासायची, एवढंच. ज्यांनी ती पातेली पाहिली आहेत त्यांना हे 'एवढंच' केवढं आहे ते ठाऊक आहे.

प्रश्न दरवर्षीचाच. कॅन्सस सिटी चीफ्सचा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी, ह्याचं काय करायचं? २०२३ ला हा माणूस पहिल्या राउंडमध्ये जात होता. गेल्या वर्षी तिसऱ्याच्या आसपास गेला. यंदा मॉक (सरावाच्या) ड्राफ्टमध्ये पाचव्यापासून सातव्यापर्यंत कुठेही सापडतो. ५ ऑक्टोबरला ३६ पूर्ण होतील त्याला.

आकडे एका जागी टाकतो, म्हणजे शोधाशोध नको (कॅच म्हणजे झेललेले पास, टचडाउन म्हणजे चेंडू गोल लाइनपार):

२०२०: १०५ कॅच, १४१६ यार्ड, ११ टचडाउन
२०२२: ११० कॅच, १३३८ यार्ड, १२ टचडाउन
२०२३: ९३ कॅच, ९८४ यार्ड, ५ टचडाउन
२०२४: ९७ कॅच, ८२३ यार्ड, ३ टचडाउन

कॅच बघा, फारसे हललेलेच नाहीत. हलले आहेत ते यार्ड. २०२० ला एका कॅचमागे साडेतेरा यार्ड पडत होते, गेल्या वर्षी साडेआठ. म्हणजे चेंडू जवळजवळ तेवढ्याच वेळा हातात येतो, पण आला की तिथेच आडवा.

माझा कल घ्यावा असाच आहे. एक तर तीन टचडाउन ही त्याच्या दर्जाला न शोभणारी गोष्ट आहे, ते वर जाणारच. दुसरं, यंदा पंचवीस पौंड वजन उतरवून कॅम्पला आलाय म्हणे. तिसरं म्हणजे क्वार्टरबॅक (पास टाकणारा) महोम्स आणि कोच अँडी रीड दोघेही जागच्या जागी आहेत. सहाव्या राउंडला हा उरला असेल तर सोडायचा कशाला?

बोला.

चौथाडाउन | १७ ऑगस्ट

गेल्या वर्षी माझ्याकडे होता. पहिला टचडाउन आठव्या आठवड्यात, रेडर्सविरुद्ध. आठव्या! तोवर निम्मा सीझन संपतो आणि टीमची तेरवी होते.

वजन उतरवल्याच्या बातम्या दर ऑगस्टमध्ये येतात. एनएफएलमधला प्रत्येक म्हातारा ऑगस्टमध्ये 'आयुष्यातल्या सर्वोत्तम फॉर्मात' असतो.

पेठेतला_फॉरवर्ड | १७ ऑगस्ट

आयला, फुटबॉल बघून धागा उघडला तर ह्यो लांबुडका चेंडू! आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हंजे शाहू स्टेडियम, आणि चेंडू गोल असतोय. असो, आलोय तर बसतो. टाइट एंड म्हंजे काय भानगड ते कुणीतरी सांगा, मग तुमची भांडणं वाचाय मजा येईल.

पर्वतीपायथा | १८ ऑगस्ट

@पेठेतला_फॉरवर्ड, विकेटकीपर-बॅट्समन समजा. त्याला दोन कामं असतात: लाइनीत उभं राहून समोरच्याला अडवायचं, आणि वेळ आली की पळत जाऊन पास झेलायचा. फँटसीत अडवल्याचे पॉइंट शून्य, फक्त झेलण्याचे मिळतात. म्हणजे कीपिंग कितीही चांगलं करो, आपल्याला मतलब बॅटिंगशी. बॅटिंगही करणारे असे धड पाच-सहा असतात, आणि लीगमधल्या बाराही जणांना एकेक लागतो. म्हणून एवढी हाणामारी.

माझी लीग ऑफिसातल्या अमेरिकन टीमबरोबर आहे, फुल पीपीआर. रविवारी रात्री साडेदहाला पहिल्या मॅच, सोमवारी सकाळी स्टँडअप. डोळ्यांखालची काळी वर्तुळं हाच माझा ट्रॉफीसंग्रह. (घरच्यांना वाटायचं मी पैसे लावून खेळतो. आमच्यात पैसेच नाहीत हे त्यांना पटवून देण्यात एक संध्याकाळ गेली.)

अटलांटाचे_काका | १८ ऑगस्ट

वयाचं एवढं काय घेऊन बसलात रे? टाइट एंड टोनी गोन्झालेझ आमच्या फाल्कन्सकडे होता तेव्हा मी जॉर्जिया डोममध्ये जाऊन पाहिलाय. २०१२, वय ३६: ९३ कॅच, ९३० यार्ड, ८ टचडाउन. पुढच्या वर्षी ३७ व्या वर्षी ८३, ८५९ आणि पुन्हा ८. तोही आधी केल्सीच्याच चीफ्सकडे होता, हे विशेष. अँटोनियो गेट्सने चार्जर्सकडून ३४ व्या वर्षी १२ टचडाउन मारले होते.

हे लोक वेगावर कधी जगलेच नव्हते, त्यामुळे वेग गेला म्हणून ते मरत नाहीत. अंग मध्ये घालायचं, पाठीवर माणूस घ्यायचा आणि चेंडू वरच्या वर उचलायचा. ही कला साठीपर्यंत टिकते. (माझी टिकली आहे, बॅडमिंटनमध्ये.)

केतकी_ओहायो | १९ ऑगस्ट

काका, गोन्झालेझचं उदाहरण मला आवडतं, पण ते केल्सीला अर्धंच लागू पडतं. गोन्झालेझच्या शेजारी ज्यूलिओ जोन्स आणि रॉडी व्हाइट होते, डिफेन्सचं लक्ष तिकडे असायचं. आणि तो रेड झोनमध्ये (गोल लाइनआधीच्या वीस यार्डांत) उडी मारून चेंडू काढायचा, म्हणून दोन्ही वर्षी आठ-आठ टचडाउन. केल्सी त्या जातीचा नाही.

केल्सी आमच्या क्लीव्हलंड हाइट्सचा. शाळेत क्वार्टरबॅक होता, आणि अजूनही क्वार्टरबॅकच्या डोक्यानेच पळतो. कोच कागदावर जी रेघ आखून देतो ती त्याच्यासाठी सूचना असते, हुकूम नव्हे. झोन डिफेन्स (प्रत्येकजण आपापला पट्टा राखतो) दिसला की दोघांच्या मधली मोकळी जागा शोधून तिथे थांबतो, आणि तो थांबणार हे महोम्सला आधीच कळलेलं असतं. पुढच्या वेळी टीव्हीवर चेंडू न बघता फक्त ८७ नंबरकडे बघा. बाकीचे सगळे पळत असतात आणि हा एकटा चालत चालत येऊन उभा राहतो, मान वळवतो, चेंडू छातीवर. ह्याला ३५ वर्षांचे पाय पुरतात. प्रश्न पुढचा आहे. चेंडू हातात आल्यावर पूर्वी एकाला चुकवून आणखी सहा यार्ड काढायचा, ते आता होत नाही. आणि एकास एक मॅन कव्हरेज लावलं की सुटताना दिसत नाही.

आता मुद्दा. एडिसनकर, तुमची लीग हाफ पीपीआर आहे. सगळा निकाल तिथेच लागतो. गेल्या वर्षीचे केल्सी आणि बाल्टिमोर रेव्हन्सचा टाइट एंड मार्क अँड्रूज घ्या. अँड्रूज: ५५ कॅच, ६७३ यार्ड, ११ टचडाउन.

फुल पीपीआरमध्ये केल्सी १९७, अँड्रूज १८८.
हाफमध्ये केल्सी १४९, अँड्रूज १६१.

(दशांश आणि फंबल, म्हणजे हातून निसटलेले चेंडू, सोडून दिलेत.) खेळाडू तेच, मॅच त्याच, नुसता नियम बदलला की क्रम उलटा. आणि केल्सीने एक मॅच कमी खेळूनही ४२ कॅच जास्त घेतलेत. त्याची आजची सगळी किंमत त्या कॅचच्या संख्येत आहे. ती अर्ध्या भावाने मोजणाऱ्या लीगमध्ये सहावा राउंड म्हणजे नावाला मोजलेले पैसे.

जॉर्ज किटलने १५ मॅचमध्ये हाफचे १९८ केले होते. वरचा वर्ग तो. बावर्स, मॅकब्राइड, किटल. ह्या तिघांनंतर एकदम कडा तुटतो, आणि त्या कड्याखाली जी गर्दी आहे तिच्यात केल्सी उभा आहे.

चौथाडाउन | १९ ऑगस्ट

+१. फ्रेम करून लावा हे.

एडिसनकर | १९ ऑगस्ट

केतकी, नियमाचा मुद्दा मान्य. पण टचडाउनचं काय? २०२२ ला महोम्सने ४१ टचडाउन पास टाकले, त्यातले १२ केल्सीचे. गेल्या वर्षी २६ टाकले, त्यातले ३. नोआ ग्रे, जो त्याचा राखीव आहे, त्याने ४० कॅचमध्ये ५ काढले! हे नशीबच की. सहा-सात झाले तरी हाफमध्येही तुमच्या अँड्रूजच्या पुढे जातो.

आणि ते साडेआठ यार्ड. त्यात लाइनचाही, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीचाही, दोष आहे. गेल्या वर्षी डाव्या टॅकलच्या जागी कुणी टिकेना, शेवटी थूनीसारख्या गार्डला तिकडे सरकवला. महोम्सला उभं राहायला वेळच नव्हता, चेंडू मिळाला की फेक. सुपर बोलमध्ये (लीगच्या फायनलला) ईगल्सनी सहा वेळा आडवा केला त्याला. अशा वेळी केल्सी वीस यार्ड लांब जाऊन करणार काय? यंदा एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये चीफ्सनी पहिल्या राउंडला जॉश सिमन्स घेतलाय त्याच जागेसाठी.

चौथाडाउन | १९ ऑगस्ट

नवखा लेफ्ट टॅकल येऊन ३५ वर्षांच्या माणसाचे गुडघे दुरुस्त करणार. ठीक.

ग्रेला पाच आणि केल्सीला तीन, हे नशीब नाही. गोल लाइनजवळ डिफेन्स केल्सीवर दोन माणसं लावतो आणि ग्रे मोकळा सुटतो. यंदाही दोनच लावणार.

अटलांटाचे_काका | २० ऑगस्ट

दोन माणसं लावावी लागतात ह्यातच सगळं आलं. म्हाताऱ्यावर कोण कशाला दोन माणसं खर्च करेल?

सॅनहोजेचा_सुहास | २० ऑगस्ट

माझी डायनस्टी लीग आहे (खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात), केल्सी २०१६ पासून माझ्याकडे. सांभाळू का विकू? २०२४ ला केलेला दोन वर्षांचा करार ह्या सीझनला संपतोय. निवृत्त झाला तर हातात धुपाटणं.

केतकी_ओहायो | २० ऑगस्ट

सुहास, तुमची टीम यंदा जिंकण्यासारखी असेल तर ठेवा, नसेल तर आजच विका. जो जिंकायच्या बेतात आहे आणि ज्याला टाइट एंड नाही, अशालाच विका. पुढच्या वर्षीचा दुसऱ्या राउंडचा पिक (निवडीचा हक्क) मिळाला तर मागे वळून बघू नका. सीझन संपल्यावर विकायला जाल तेव्हा तो निवृत्तीवर विचार करत असेल, आणि विचार करणाऱ्या खेळाडूला गिऱ्हाईक नसतं.

पर्वतीपायथा | २१ ऑगस्ट

माझी फुल पीपीआर आहे म्हणून मला आकडे आणखी बारीक बघायचेत. गेल्या वर्षी पहिल्या तीन मॅचमध्ये केल्सी अक्षरशः गायब होता, आठवतंय. नंतर सापडला. नक्की काय बदललं?

केतकी_ओहायो | २१ ऑगस्ट

ह्याच प्रश्नाची वाट बघत होते.

पहिल्या तीन मॅच, रेव्हन्स, बेंगल्स, फाल्कन्स: ३ कॅच ३४ यार्ड, १ कॅच ५ यार्ड, ४ कॅच ३० यार्ड. एकूण ८ कॅच, ६९ यार्ड. फुल पीपीआरमध्ये मॅचमागे पाच पॉइंट.

त्याच तीन मॅचमध्ये चीफ्सचाच रिसीव्हर रशी राइस: २४ कॅच, २८८ यार्ड, २ टचडाउन.

चौथ्या मॅचला चार्जर्सविरुद्ध सुरुवातीलाच राइसचा गुडघा गेला, सीझन संपला. त्या दिवशी केल्सी ७ कॅच ८९ यार्ड. पुढच्या मॅचला ९ कॅच. बक्सविरुद्ध तर १४ कॅच, १०० यार्ड. राइस गेल्यापासूनच्या १३ मॅचची बेरीज: ८९ कॅच, ७५४ यार्ड, ३ टचडाउन. मॅचमागे बरोबर चौदा पॉइंट. ट्रे मॅकब्राइडची वर्षभराची सरासरी पंधराच्या आत-बाहेर होती, आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला जातोय.

कारण सरळ आहे. राइस आणि केल्सी एकाच अंगणात खेळतात: मैदानाच्या मध्यभागी, पाच ते दहा यार्डांत. बाकीच्या रिसीव्हरांपैकी झेव्हियर वर्दी लांब पळतो, हॉलिवूड ब्राउन लांब पळतो, त्यांचं केल्सीशी भांडण नाही. राइसचं आहे. आणि तो वीस-पंचवीस वर्षांचा आहे, चेंडू घेऊन पळतो.

म्हणून केल्सीचं वय किती हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरला ठेवते. पहिला प्रश्न, राइस खेळतोय का? सध्या तरी त्याच्या शिस्तभंगाची सुनावणी ३० सप्टेंबरला ठेवली आहे, म्हणजे पहिल्या आठवड्यापासून तो मैदानात. तसं असेल तर मी केल्सीला फुल पीपीआरमध्येही आठव्याच्या आत हात लावणार नाही.

चौथाडाउन | २२ ऑगस्ट

वकिली उत्तम, पण तुमचे चौदा पॉइंट जरा उलगडून बघू.

त्यातल्या तीन मॅच (रेडर्स, बक्स आणि ख्रिसमसची स्टीलर्स) मिळून ७१ पॉइंट. उरलेल्या दहा मॅचमध्ये १११. म्हणजे अकरा. आता अकराव्या आठवड्यापासून सोळाव्यापर्यंतचे कॅच ओळीने लिहितो: २, ६, ७, ५, ४, ५. टचडाउन शून्य. सरासरी नऊच्या आत. आणि ह्यात राइस कुठेच नव्हता बरं का.

फँटसीची सेमीफायनल-फायनल असते पंधरा ते सतरा आठवड्यांत. पंधराव्याला २७ यार्ड, सोळाव्याला ३० यार्ड. ख्रिसमसला ८ कॅच, ८४ यार्ड आणि टचडाउन केला, गोन्झालेझचा चीफ्सकडचा टचडाउनचा विक्रम मोडला, गोलपोस्टवरून चेंडू डंक केला, सगळं झालं. ते बघायला माझी टीम स्पर्धेत नव्हती.

थंडी पडली की म्हातारी हाडं दुखतात, एवढं साधं आहे.

पर्वतीपायथा | २२ ऑगस्ट

हे दोन्ही एकत्र वाचल्यावर चित्र जमतंय. सप्टेंबर-ऑक्टोबरचा माणूस आहे हा. दिवाळीआधी वापरायचा.

अटलांटाचे_काका | २२ ऑगस्ट

आणि जानेवारीत? टेक्सन्सविरुद्धच्या प्लेऑफला ७ कॅच, ११७ यार्ड, टचडाउन. हाडं दुखत नव्हती तेव्हा.

चौथाडाउन | २२ ऑगस्ट

काका, जानेवारीत फँटसी संपलेली असते. आणि सुपर बोलला ४ कॅच, ३९ यार्ड.

पेठेतला_फॉरवर्ड | २३ ऑगस्ट

हितं तर पेठेच्या डर्बीपेक्षा जास्त तापलंय. चालू दे, चालू दे.

केतकी_ओहायो | २३ ऑगस्ट

चौथाडाउन, तुमचा अकरा ते सोळाचा मुद्दा खरा आहे, त्यावर माझ्याकडे एवढंच उत्तर आहे की अकरा पॉइंट हे सातव्या राउंडच्या टाइट एंडकडून वाईट नाहीत. लायन्सचा टाइट एंड लापोर्टा, त्याची वर्षभराची सरासरीही त्याच्याच आसपास होती. तुम्ही तिसऱ्या राउंडची किंमत मोजलीत म्हणून तुम्हाला तो दुखतोय.

एडिसनकर | २६ ऑगस्ट

बातमी वाचली का? टेलर स्विफ्टबरोबर साखरपुडा जाहीर. आमच्या लीगमधल्या दोघांच्या मुली आजपासून ड्राफ्टमध्ये लक्ष घालायला लागल्या आहेत. केल्सी पाचव्याच्या आत जाणार, लिहून घ्या.

चौथाडाउन | २६ ऑगस्ट

लग्न ठरलेल्या माणसाला रेड झोनमध्ये टार्गेट वाढतात का, ह्यावर कुणीतरी अभ्यास करा.

सॅनहोजेचा_सुहास | २६ ऑगस्ट

मी आजच विकला. दुसऱ्या राउंडचा पिक आणि वर एक बरा राखीव रिसीव्हर. घेणाऱ्याने हिशोब विचारलाच नाही, फक्त बातमीची लिंक पाठवली. धन्यवाद केतकी, आणि धन्यवाद टेलरताई.

पर्वतीपायथा | २८ ऑगस्ट

गणेश चतुर्थीच्या शुभेच्छा सगळ्यांना. काल मोदकांतून डोकं वर काढलं तर बातमी: राइसला सहा मॅचची बंदी! मार्च २०२४ च्या डॅलसच्या गाडीच्या प्रकरणावरून. सुनावणीपर्यंत थांबलेच नाहीत, तडजोड झाली. पहिले सहा आठवडे नाही, सातव्याला रेडर्सविरुद्ध परत.

केतकी, आता काय?

केतकी_ओहायो | २८ ऑगस्ट

आता सगळंच बदललं. तुमच्यासाठी जास्त, एडिसनकरांसाठी थोडं कमी.

पहिल्या सहा मॅच: चार्जर्स (साओ पाउलोत), ईगल्स, जायंट्स, रेव्हन्स, जग्वार्स, लायन्स. सोप्या नाहीत. पण चार्जर्स, ईगल्स, रेव्हन्स, लायन्स ह्या मॅचमध्ये चीफ्सना शेवटपर्यंत पास टाकत राहावं लागेल, आणि राइस नसताना मधला सगळा पट्टा केल्सीचा. गेल्या वर्षीच्या त्या तेरा मॅचसारखी परिस्थिती, फक्त ती सीझनच्या सुरुवातीला आली आहे, पाय ताजे असताना. चौथाडाउनचा थंडीचा मुद्दाही इथे लागू पडत नाही.

फुल पीपीआर: सहाव्याच्या शेवटी किंवा सातव्याला निर्धास्त घ्या. पण विकायच्या तयारीनेच. पाचव्या आठवड्याची जग्वार्सची मॅच सोमवारी रात्री आहे, सगळे बघणार. त्यात चांगला खेळला की मंगळवारी सकाळी ट्रेडची ऑफर पाठवायची. सातव्यापर्यंत थांबलात तर समोरचाही कॅलेंडर बघतो.

त्यानंतर चीफ्सचा दहाव्या आठवड्यात बाय (सुट्टी) आहे, आणि फँटसी प्लेऑफला चार्जर्स, टायटन्स, मग ख्रिसमसच्या गुरुवारी ब्रॉंकोज. तोवर तो तुमच्याकडे असायचं कारण नाही.

हाफ पीपीआर: तरीही मी सातव्याच्या आत नाही म्हणेन. तिथे पास करायचा आणि नवव्या-दहाव्याला टकर क्राफ्टसारखा किंवा कोल्ट्सच्या त्या नव्या टायलर वॉरनसारखा कुणीतरी घ्यायचा. पातेली घासायचीच असतील तर निदान तरुण खेळाडूंमुळे घासा.

अटलांटाचे_काका | २८ ऑगस्ट

विकायचा, घ्यायचा, फेकायचा. माणूस आहे की सदाशिव पेठेतला वन-बीएचके?

१००४ कॅच झालेत त्याचे कारकिर्दीत. तिसऱ्या राउंडला ड्राफ्ट झालेला पोरगा, पहिलं वर्ष गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेलं. मी त्याला घेणार आणि ख्रिसमसला खेळवणार. हरलो तर हरलो.

चौथाडाउन | २८ ऑगस्ट

काका, तुमच्या लीगमध्ये जागा आहे का एखादी? सहज विचारतोय.

एडिसनकर | ३१ ऑगस्ट

झाला एकदाचा ड्राफ्ट. मंडळाच्या गणपतीच्या तळघरातच बसलो होतो, वर आरती आणि खाली चौथा राउंड. 'घालीन लोटांगण' सुरू झालं तेव्हा माझा नंबर आला आणि घाईत जो वाइड रिसीव्हर दिसला तो घेतला, त्याबद्दल वेगळा धागा काढेन.

केल्सी पाचव्याच्या शेवटी गेला. ज्याने घेतला त्याची मुलगी त्याच्या मांडीवर बसून स्क्रीनवर बोट ठेवत होती, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. अँड्रूज आठव्याला मिळाला मला. बाल्टिमोरकडे लाइकली नावाचा दुसरा टाइट एंड आहे हे माहीत आहे, कृपया कुणी आठवण करून देऊ नका.

पर्वतीपायथा | ३ सप्टेंबर

माझ्याकडे आला, सातव्या राउंडला. फुल पीपीआर, केतकीच्या सांगण्याबरहुकूम. जग्वार्सच्या मॅचनंतरच्या मंगळवारचं रिमाइंडरही लावून ठेवलंय.

आता पहिल्या आठवड्याचं सांगा. चार्जर्सची मॅच शुक्रवारी रात्री ब्राझीलमध्ये, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच. यूट्यूबवर फुकट दाखवणार आहेत. माझ्याकडे हंटर हेन्रीही आहे बेंचवर. सध्या मी हेन्रीला टाइट एंडच्या जागी आणि केल्सीला फ्लेक्समध्ये (रिसीव्हर, रनिंग बॅक, टाइट एंड, कुणीही चालतं ती जागा) ठेवलंय, दोघेही खेळतील.

केतकी_ओहायो | ३ सप्टेंबर

दोघांना खेळवायचं की नाही हा वेगळा विषय, पण आधी जागा बदला. ज्याची मॅच लवकर आहे त्याला कधीच फ्लेक्समध्ये ठेवायचं नाही. केल्सीची मॅच सुरू झाली की ती जागा कुलूपबंद होते. रविवारी हेन्री ऐनवेळी बाहेर बसला तर त्याच्या जागी फक्त टाइट एंडच चालेल, आणि तो तुमच्याकडे नाही. केल्सीला टाइट एंडच्या जागी टाका, फ्लेक्स मोकळा ठेवा. मग रविवारी रिसीव्हर, रनिंग बॅक, कुणीही घालता येईल.

पर्वतीपायथा | ३ सप्टेंबर

बदललं. हे ऑफिसातल्या त्या लोकांनी चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही मला.

चौथाडाउन | ३ सप्टेंबर

ते का सांगतील?

पेठेतला_फॉरवर्ड | ४ सप्टेंबर

शनिवारी पहाटे उठून बघतो आता. ८७ नंबर, चालत येतोय आणि थांबतोय, ध्यानात ठेवलंय. फक्त एक सांगा, ह्यात ऑफसाइड असतोय काय?

पर्वतीपायथा | ४ सप्टेंबर

असतो. पण तुमच्यासारखा नाही. चेंडू हलला त्या क्षणी रेषेपलीकडे असलात की पंचांचा पिवळा रुमाल, पाच यार्डांचा दंड. त्यानंतर कुठेही पळा, कुणी विचारत नाही.

पेठेतला_फॉरवर्ड | ४ सप्टेंबर

मग बरं हाय की. आमच्या फॉरवर्डला हितंच पाठवतो.